पुसण्याआधी

ओचोला, बस. खुर्चीचा एक पाय आखूड आहे,
त्याच्याखाली जुन्या प्रणालीचं मॅन्युअल घातलंय.
पाचशे बारा पानं.
तरी फेकू नकोस, एकोणिसावं प्रकरण अजून खरं आहे.

हे एकशे चाळीस फोन.
किसुमूच्या या खोलीतून सांभाळायचे.
कुणाचं कुलूप, कुणाचे विसरलेले आकडे,
कुणाच्या मुलानं चढवलेला फुटबॉलचा खेळ.
फोन आरोग्यसेविकांचे. आतली माणसं त्यांचीही नाहीत.
हे पहिल्या आठवड्यात कुणी सांगत नाही.

वाचायला काय देऊ तुला?
कंपनीचे धडे आहेत, फुकट, बावीस व्हिडिओ.
पहाटे पाचला उतरवून घे, तेव्हाच नेट धावतं.
शिकवणारा कुठल्याशा थंड देशातला.
त्याच्या गोष्टीतला फोन नेहमी टॅक्सीत राहतो
आणि टॅक्सीला नेहमी रेंज असते.
तेवढं सोडलं तर बरा शिकवतो.
परीक्षेला चाळीस प्रश्न. मी दुसऱ्या खेपेला सुटले.
प्रमाणपत्र ते बघ, भिंतीची भेग झाकायला बरं पडलं.

दोन्ही खेपांना एक उत्तर माझं बरोबर होतं:
फोन हरवला, तर सगळ्यात आधी काय?
पर्याय क. ताबडतोब पुसा.

त्याच महिन्यात न्यांग्वेसोबाईंचा फोन गप्प झाला.
एक दिवस. दोन दिवस.
नकाशावरचा शेवटचा ठिपका सरोवराच्या पाण्यात.
मी क निवडला.
पडद्यावर आलं, आदेश प्रलंबित.
मी घरी गेले, ओमेना तळले, जेवले, झोपले.

होडी जलपर्णीत अडकली होती.
बाईंनी फोन बंद करून पिशवीत,
पिशवी पिठाच्या डब्यात ठेवलेली.
दोन रात्री त्या भिजल्या, फोन भिजला नाही.
काठाला लागल्यावर त्यांनी तो सुरू केला, मुलाला कळवायला.
रेंजची एक काडी उगवली
आणि मुलाच्या आधी
त्या काडीवरून माझा आदेश उतरला.

अकरा गरोदर बाया.
रक्तदाब, तारखा, कुणाचे सुजलेले पाय,
वर चढायच्या राहून गेलेल्या नोंदी.

ओडेराची वही मला त्यानंतर सापडली,
खालच्या खणात, सिमकार्डांच्या डब्याखाली.
माझ्याआधी तो बसायचा इथं. अक्षर कोंबडीच्या पायांचं.
पान सात: आधी कुलूप लाव.
मग विचार, वर काय आलेलं नाही?
मग माणूस शोध. फोन नंतर.
शेजारी चहाचा डाग आणि एक तारीख, दोनदा अधोरेखित.
म्हणजे त्याच्याही हातून झालं होतं कधीतरी.

मग मी आणि बाई, एका बोडा-बोडावर,
घरोघर. मी कोरा फोन घेऊन, त्या रिकाम्या हातांनी.
दारातल्या बाया म्हणायच्या, सांगितलं की मागच्या आठवड्यात!
मी खाली बघायची.
बाई मात्र उंबऱ्याबाहेरूनच आकडे म्हणायच्या,
एकशे तीस वर ऐंशी, हो ना गं?
अकरापैकी नऊ जणींचे बरोबर.
दहावीला आम्ही पोचलो तेव्हा कळा सुरू झालेल्या,
मी फोन खिशात टाकला आणि पाणी तापवलं.
ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं.
अकरावी माहेरी गेली होती. तिची नोंद अजून अर्धी आहे.

बाई मला कधीच काही बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

वही घे. अडतीस पानापासून माझं अक्षर आहे,
चुका तारखेसकट. पुढचं कोरं.
व्हिडिओ बघ, परीक्षा दे, क च लिही, त्याशिवाय पास करत नाहीत.

आणि तो कोपऱ्यातला फोन दिसतोय?
बॅटरी फुगलीय. चार्जरवरून काढ आधी.
वाळूची बादली दारामागे आहे.
हळू.